हातात फोन द्या आणि गप्प बसा: प्रोटोटाइपची युजेबिलिटी चाचणी मराठवाड्यात कशी घ्यावी

मराठवाड्यात कुणाच्याही हातात तुमचं नवं अ‍ॅप द्या आणि विचारा, "कसं वाटलं?" उत्तर ठरलेलं आहे: "चांगलंच हाय की." दारात आलेल्याच्या कामाला तोंडावर नावं ठेवायची आपल्याकडं रीत नाही. त्यात तुम्ही शिकलेले, हातात लॅपटॉप, सोबत गावातलाच ओळखीचा माणूस. मत विचारून इथं फारसं काही हाती लागत नाही. काम द्यायचं आणि बोट कुठं थबकतं ते बघायचं. युजेबिलिटी चाचणी म्हणजे हेच: वस्तू वापरायला किती सोपी जाते ते माणसाला वापरायला देऊन बघणं. खाली जी तयारी सांगितली आहे ती सगळी ते थबकणं नीट दिसावं यासाठी.

उदाहरण एकच धरू. समजा, सोयाबीनच्या मळणीसाठी यंत्र भाड्यानं ठरवायचं अ‍ॅप बनतंय. कोडची एक ओळही लिहिलेली नाही. फिग्मा या डिझाइनच्या साधनात स्क्रीन काढून एकमेकींना जोडल्या आहेत. हा झाला प्रोटोटाइप, म्हणजे नुसता नमुना. शेतकरी गाव टाकतो, जवळची यंत्रं आणि दर बघतो, दिवस ठरवतो, यंत्राच्या मालकाला निरोप जातो. चाचणी घ्यायची खरी वेळ हीच, कारण आत्ता चूक सापडली तर एक चौकोन सरकवून काम भागतं.

पायरी १: काय ठरवायचंय ते कागदावर लिहा

"अ‍ॅप सोपं आहे का?" हा चाचणीचा प्रश्न होत नाही. चाचणी संपल्यावर टीमला जो निर्णय घ्यायचाय तो लिहा. उदाहरणार्थ: दर क्विंटलमागे दाखवायचा की एकरी? यंत्रांची यादी आधी दाखवायची की तारीख आधी विचारायची? मालकानं होकार दिलेला नसताना बुकिंग पक्कं झालं असं शेतकऱ्याला वाटतं का?

आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) ९२४१-११ या मानकात युजेबिलिटीची व्याख्या करताना तीन गोष्टी आधी बांधून घेतल्या आहेत: वापरणारा कोण, त्याचं काम काय, आणि ते तो कुठल्या परिस्थितीत करतोय. त्यानंतरच काम पुरं झालं का, किती खटपटीत झालं आणि माणूस समाधानी आहे का, हे बघायचं. कागदावर या तीन गोष्टी नसतील तर पुढं जाऊ नका. तीन-चार प्रश्न पुरेत. दहा झाले तर दोन वेगळ्या चाचण्या घ्या.

पायरी २: प्रोटोटाइप चाचणीजोगा करा

मीटिंगमध्ये दाखवायला केलेला प्रोटोटाइप चाचणीला चालत नाही. मीटिंगमध्ये बटणं तुम्ही दाबता, आणि कुठलं बटण जिवंत आहे ते तुम्हाला माहीत असतं. चाचणीत माणूस भलतीकडंच जातो, आणि जायलाच पाहिजे. म्हणून प्रत्येक कामासाठी बरोबर रस्त्यासोबत किमान दोन चुकीचे रस्तेही जोडा. चुकीच्या रस्त्यावर निदान एक स्क्रीन आणि मागं यायची सोय असू द्या. फक्त बरोबर बटणच दाबलं जात असेल तर माणूस चार ठिकाणी दाबून बघतो, एक लागतं आणि काम "यशस्वी" होतं. तुम्ही तपासलं काय? काहीच नाही.

याच कारणासाठी फिग्मामधली एक सेटिंग आठवणीनं बंद करा. कुठंही रिकाम्या जागी टिचकी मारली की दाबता येण्याजोग्या जागा निळ्या चौकोनात चमकतात. ती चमक म्हणजे फुटलेला पेपर. लिंक बनवतानाच हॉटस्पॉटची ही सूचना बंद करायची. प्रत्येक कामाचा सुरुवातीचा बिंदू वेगळा ठेवला तर दोन कामांच्या मधे तुम्हाला मागं-पुढं करत बसावं लागत नाही.

लिहिण्याची अडचण मोठी आहे. फिग्मामध्ये सहसा आपण रकान्यावर बोट ठेवलं की आधीच भरलेलं नाव आणून दाखवतो. पण गावाचं नाव मराठी कीबोर्डवर लिहिणं, हीच कदाचित तुमच्या अ‍ॅपमधली सगळ्यात अवघड जागा असेल. एकाच नावाची गावं वेगवेगळ्या तालुक्यांत असतात, जोडाक्षर जमत नाही, मग माणूस इंग्रजीत लिहितो. ते तपासायचं असेल तर अ‍ॅक्झ्युअर किंवा प्रोटोपायसारखं खरा कीबोर्ड उघडणारं साधन वापरा. बोलून शोधायची सोय तपासायची असेल तर जुनी युक्ती आहे: माणूस बोलतो, आणि बाजूला बसलेला तुमचा सहकारी लॅपटॉपवरून योग्य ती स्क्रीन पुढं आणतो. १९८०च्या दशकात जे. एफ. केली यांनी माणसाची भाषा समजणाऱ्या संगणकाचा प्रयोग असाच, पडद्याआड माणूस बसवून केला होता. या पद्धतीला 'विझार्ड ऑफ ऑझ' म्हणतात.

आतला मजकूर खरा वाटला पाहिजे. "गाव १", "मालकाचे नाव" असल्या भरतीवर शेतकरी विचार करत नाही, तो तुमचं मन राखतो. औसा, रेणापूर, सेनगाव, केज असे खरे तालुके टाका. माणसांची नावं आणि फोन नंबर मात्र बनावटच ठेवा. जमिनीचं माप हा तर हमखास सापळा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात एकर आणि गुंठे असतात. दोन एकर म्हणजे साधारण ०.८१ हेक्टर. रकान्यात नुसतं "क्षेत्र" लिहून सोडलं तर कोण काय भरेल सांगता येत नाही. आणि नेमकं हेच बघायचं असल्यामुळं एकर टाकल्यावर काय होतं आणि हेक्टर टाकल्यावर काय होतं, दोन्ही स्क्रीन तयार हव्यात.

प्रोटोटाइप कुठं खोटं बोलतो तेही लक्षात असू द्या. फोनमध्ये अक्षर मोठं करून ठेवलेलं असलं तरी प्रोटोटाइपमधलं अक्षर मोठं होत नाही. फोनचं बॅक बटण तुमच्या स्क्रीनवरच्या बॅकसारखं वागेलच असं नाही. आणि नेटवर्क गेल्यावर काय होतं, हे चित्रात कळत नाही. फिरणारं चाक तीन-चार सेकंद दाखवणारी एक स्क्रीन मुद्दाम घाला. "कायतरी फिरायलंय" म्हणून माणूस थांबतो, की परत परत दाबतो, ते बघण्यासारखं असतं.

शेवटी हे सगळं स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर चालवून बघा. मोठ्या चित्रांनी जड झालेला प्रोटोटाइप कमी रॅमच्या फोनवर अडखळतो, आणि ते अडखळणं डिझाइनच्या नावावर जमा होतं. गावात जायच्या आधी वाय-फायवर सगळ्या स्क्रीन एकदा उघडून ठेवा. नेटवर्कचा भरवसा धरायचा नाही. मात्रा आणि रफार वरच्या ओळीत कापले जातात का, तेही याच वेळी बघून घ्या. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलं की देवनागरी हमखास कापली जाते.

पायरी ३: माणसं

किती? युजेबिलिटीचे अभ्यासक जेकब नीलसन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबातून "पाच माणसं पुरतात" हे वाक्य पुढं प्रसिद्ध झालं. त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडत होता. त्या हिशेबानं पाच जणांत सुमारे ८५ टक्के निघतात. पण ३१ ही सरासरी आहे. जी अडचण दहातल्या एकालाच येते, ती पाच जणांच्या चाचणीत दिसायची शक्यता फक्त ४१ टक्के. २००१ मध्ये जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी वेबसाइटच्या चाचण्यांवरून, पाच अजिबात पुरत नाहीत, असं दाखवलंही. माझं मत: पाचच घ्या, पण दुरुस्ती करून पुन्हा पाच घ्या. एकदम पंधरा जणांना बसवलं तर तीच चूक पंधरा वेळा बघायची वेळ येते. गट दोन असतील, म्हणजे इथं शेतकरी आणि यंत्रमालक, तर प्रत्येकी तीन-चार.

कुठली माणसं? ऑफिसातला सहकारी, भाच्याचा मित्र, कॉलेजची पोरं नकोत. ज्यानं गेल्या हंगामात स्वतः फोन करून यंत्र ठरवलं, तो हवा. निवडताना "स्मार्टफोन वापरता का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "कालच्या दिवसात फोनवर काय काय केलं?" विचारा. फोन घरात कुणाकडं असतो ते विचारा. पुष्कळ घरांत तो पोराच्या खिशात असतो. ई-पीक पाहणी स्वतः केली का कुणाकडून करून घेतली, हा प्रश्न फार कामाचा आहे. २०२१ पासून राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्यानं अ‍ॅपवर करायची सोय आहे, त्यामुळं एका उत्तरात माणसाचा सराव कळतो. दोन्ही प्रकारचे घ्या. वाचता येतं का, हे तोंडावर विचारणं अपमानाचं वाटतं. त्यापेक्षा चाचणीची वेळ सांगणारा मेसेज पाठवा आणि "आलाय का, काय लिहिलंय त्यात?" असं फोनवर विचारा.

बायकांना वगळू नका. शेतातलं निम्मं काम त्यांच्या हातून होतं, पण निरोप नवऱ्याला गेला की येतो नवराच. बचत गटाच्या बैठकीतून, उमेद अभियानाच्या गावातल्या ताईंमार्फत गेलात तर दार उघडतं. तिथं चाचणी घेणारीही बाईच असावी. नांदेड, किनवटकडं किंवा तांड्यावर जाणार असाल तर घरी कुठली भाषा बोलतात ते आधी विचारा. गोरमाटी किंवा दखनी बोलणारा माणूस मराठी वाचतो, पण मनात मराठीत बोलेलच असं नाही.

दिवस निवडणं हे अर्धं काम आहे. पेरणी जून-जुलैत, सोयाबीनची काढणी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरात. मळणीच्या अ‍ॅपची चाचणी ऑगस्टात घ्या: हातात वेळ असतो आणि मळणीचा विचार डोक्यात यायला लागलेला असतो. पोळा आणि महालक्ष्म्यांचे दिवस सोडा. बीडच्या ऊसतोड कुटुंबांना भेटायचं असेल तर दिवाळीच्या आसपास गाव सुटायच्या आत भेटा. नंतर ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. विजेची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात सकाळी कुणाला बोलावू नका. रात्रभर पाणी दिलेला माणूस तुमच्या स्क्रीनवर डुलक्या घेणार.

मोबदला द्या, बुडालेल्या वेळेच्या हिशेबानं, आणि चाचणी सुरू व्हायच्या आधी द्या. नंतर दिला तर तो कौतुकाचं बक्षीस वाटतो.

पायरी ४: कामं लिहा

काम म्हणजे प्रसंग. त्यात बटणावरचा शब्द येता कामा नये. बटणावर "मळणीयंत्र बुक करा" असेल आणि तुम्ही म्हणालात, "मळणीयंत्र बुक करून दाखवा," तर माणूस शब्द जुळवतो, काम करत नाही. असं सांगा:

"तुमचं चार एकर सोयाबीन कापून गंजी लावून ठेवलंय. परवा पाऊस सांगितलाय. उद्याच्या उद्या हडंबा लावायचाय. यावरून काय करता येतंय बघा."

(हडंबा म्हणजे इथल्या बोलीत मळणीयंत्र.) दुसरं काम: "यंत्रवाल्यानं अजून फोन केला नाही. तो नक्की येणारंय का, हे तुम्हाला बघायचंय." तिसरं: "घरात अडचण आली, उद्या जमणार नाही. आता?" तीन-चार कामं, पाऊण तासाच्या आत. पहिलं काम सोपं ठेवा, हात मोकळा होतो. प्रत्येक काम कुठल्या स्क्रीनवर "पूर्ण" धरायचं ते आधीच ठरवा. नाहीतर नंतर टीममध्ये वाद होतात. कामं मोठ्या अक्षरांत कागदावर छापा, पण वाचून तुम्हीच दाखवा.

पायरी ५: जागा आणि सामान

बाजार समितीतलं आडत दुकान चांगलं. सौदा झाल्यावर माप व्हायची वाट बघत माणसं बसलेली असतात. आडत्याची परवानगी घ्या, पण त्याला शेजारी बसू देऊ नका. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्यासमोर माणूस मोकळा होत नाही. आठवडी बाजार गोंगाटाचा, पारावर गर्दी जमते आणि दहा जण "ते दाब, ते दाब" करतात. घरची ओसरी सगळ्यात बरी.

फोन तुमचा, चार्जिंग भरलेलं, सूचना बंद. अँड्रॉइड ११ पासून पुढच्या फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय आतच आहे. डेव्हलपर सेटिंगमध्ये बोट टेकल्याची खूण दाखवणारा पर्याय सुरू केला की रेकॉर्डिंगमध्ये बोट कुठं लागलं ते दिसतं. मात्र जिथं बोट नुसतं घुटमळतं आणि टेकत नाही, ते टिपायला वरून दुसऱ्या फोनचा कॅमेरा लावा. आणखी एक वस्तू कुठल्याही यादीत नसते: वाचायचे चष्मे. चाळिशीपुढचा माणूस चष्मा घरी विसरून येतो, तसं सांगत नाही, आणि तुम्ही "अक्षर कळलं नाही" अशी नोंद करता. दीड आणि दोन नंबरचे दोन चष्मे पिशवीत असू द्या.

रेकॉर्डिंगची परवानगी साध्या मराठीत मागा: काय टिपणार, कोण बघणार, कधी पुसणार. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, तेव्हा संमती नुसती तोंडी नको. नको म्हणाला तर रेकॉर्डिंगशिवाय घ्या. खरा आधार नंबर, खरा सातबारा, खरा ओटीपी काहीही टाकायला लावू नका. ओटीपीची स्क्रीन आली की सावध माणूस थांबतो, आणि फसवणुकीच्या दिवसांत ते योग्यच आहे. "यात खरा मेसेज येणार नाही, हे नकली आहे," एवढं आधीच सांगा.

पायरी ६: एक तालीम

प्रकल्पाबाहेरच्या कुणावर तरी एकदा पूर्ण चालवून बघा. एवढं पुरे, पण टाळू नका.

पायरी ७: प्रत्यक्ष चाचणी

सुरुवातीचं बोलणं दर वेळी सारखं हवं, म्हणून लिहूनच ठेवा. साधारण असं:

"मामा, हे अ‍ॅप अजून झालेलं नाही, नुसता नमुना आहे. आम्हाला यातल्या चुका शोधायच्यात. तुमची परीक्षा नाही, अ‍ॅपची आहे. काही कळलं नाही तर चूक आमची. मी हे बनवलेलं नाही, तेव्हा वाईट म्हणालात तर मला राग यायचा नाही. करताना मनात जे येईल ते बोलत राहा. मला काही विचारलंत तर मी लगेच सांगणार नाही, कारण उद्या घरी मी नसणार."

शेवटून तिसरं वाक्य खरं असावं, म्हणजे डिझाइन करणाऱ्यानं स्वतः चाचणी घेऊ नये. टीममध्ये दुसरं कुणी नसेल तर ते वाक्य गाळा. मामा, काका, ताई, मावशी, जे त्या घरात शोभेल ते म्हणा. "सर" म्हटलं की समोरचा सावरून बसतो.

मनातलं बोलत राहायची पद्धत क्लेटन लुइस यांनी १९८२ मध्ये आयबीएममध्ये काम करताना संगणकाच्या पडद्यांसाठी आणली. आपल्याकडं एकटा माणूस फोनशी बोलत बसणं विचित्र वाटतं. दोन उपाय आहेत. एक, तुम्ही आधी भलत्याच अ‍ॅपवर करून दाखवा: "इथं अलार्म लावायचाय... हे घड्याळाचं चित्र दिसतंय, दाबून बघतो... अरे, हे नाही." दुसरा मला जास्त आवडतो: दोन मित्रांना किंवा दोन जावांना एकत्र बसवा. मग बोला म्हणून सांगावं लागत नाही. "तसं नव्हं, वर बघ की," असं आपोआप सुरू होतं. फक्त फोन दोघांच्या हातात आळीपाळीनं जाऊ द्या.

आता अवघड भाग, म्हणजे गप्प बसणं. माणूस अडला की आपला हात शिवशिवतो. तो विचारतो, "हे दाबू का?" उत्तर: "मी नसतो तर काय केलं असतं?" तो थांबला तर मनात दहापर्यंत मोजा. मग, "आता काय दिसतंय?" मग काम पुन्हा वाचून दाखवा. मग, "दुसरं काही करून बघायचंय का?" एवढं करूनही जमेना, तरच रस्ता सांगा आणि वहीत "मदत दिली" असं लिहा. माणूस कष्टी व्हायच्या आत काम सोडून द्या आणि म्हणा, "हे आमचंच चुकलंय, पुढचं बघू." "इथं तर कायच होईना" हे वाक्य आलं की पुढं काय करतो ते नीट बघा. तिथून तो मागं येतो, की फोन पोराकडं देतो? खरा निकाल तिथं आहे.

वही दुसऱ्यानं लिहायची. "गोंधळला" असं लिहू नका. "तारखेच्या स्क्रीनवर 'पुढे' न दाबता महिन्याच्या नावावर तीनदा दाबलं, 'उद्या कुठंय?' म्हणाला," असं लिहा. काम पुरं, मदतीनं पुरं, अपुरं, एवढ्या तीन खुणा पुरतात. माणूस बोलत बोलत करत असेल तर घड्याळ लावू नका, तो वेळ खरा नसतो.

प्रत्येक कामानंतर सात पायऱ्यांवर "किती सोपं गेलं" विचारायची पद्धत आहे. विचारा, पण आकड्यासाठी नव्हे. काम अपुरं राहूनही "लई सोपं" म्हणणारा माणूस तुम्हाला भेटेलच, आणि तेवढ्यासाठी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी हव्यात. जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा वाक्यांची एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली पाच जणांवर वापरण्यात अर्थ नाही. त्यातली निम्मी वाक्यं उलटी असतात; तोंडी विचारली की "हो" कशाला हो आहे तेच कळत नाही.

उठताना एक गोष्ट न चुकता सांगा: "हे बुकिंग खरं नव्हतं. उद्या यंत्र येणार नाही." बुकिंगचा नमुना चांगला जमला असेल तर गैरसमज होण्याची शक्यता जास्त.

पायरी ८: त्याच संध्याकाळी

नोंदी शिळ्या होऊ देऊ नका. परतताना गाडीत नाही, बसून. एकेक अडचण एका चिठ्ठीवर: कुठली स्क्रीन, काय झालं, किती जणांना. मग तीन ढीग करा: कामच थांबलं, काम झालं पण रडतखडत, आणि नुसतं खटकलं. पहिल्या ढिगात एकाच माणसाची अडचण असली तरी ती वर ठेवा. बुकिंग झालं असं समजून एक जण निघून गेला, तर हंगामात त्याचं सोयाबीन भिजतं. लोकांनी सुचवलेले उपाय वेगळे लिहा. "इथं मोठं लाल बटण द्या" यात अडचण खरी असते, उपाय खरा असेलच असं नाही.

प्रोटोटाइपचा मोठा फायदा आता घ्यायचा. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातल्या संशोधकांनी एक पद्धत मांडली: चूक आणि तिचा उपाय दोन्ही स्पष्ट असतील तर पाचही जणांची वाट न बघता पहिल्या-दुसऱ्या माणसानंतरच दुरुस्ती करा आणि पुढच्यावर तपासा. बटणाचं नाव बदलणं, एकर-हेक्टरचा पर्याय उघड दाखवणं, "मालकाच्या होकाराची वाट आहे" हे वाक्य वर आणणं रात्रीत होतं. रस्ताच बदलायचा असेल तर मात्र फेरी पुरी होऊ द्या. कुठल्या माणसाला कुठली आवृत्ती दाखवली, हे प्रत्येक पानावर लिहा.

अहवाल दोन पानांचा, आणि सोबत पाऊण मिनिटाच्या तीन-चार क्लिपा. पुण्यात बसलेल्या मॅनेजरला तक्ता पटत नाही; मामा "उद्या कुठंय?" म्हणत महिन्याच्या नावावर दाबताना दिसले की पटतं.

व्हिडिओ कॉलवरून चाचणी घेता येते का? यंत्रमालकांची घेता येते, ते फोनला सरावलेले असतात. शेतकऱ्यांची निदान पहिली फेरी तरी समोर बसून घ्या, कारण चष्मा, ऊन आणि शेजारचा पोरगा कॉलवर दिसत नाहीत.

दुसऱ्या फेरीला माणसं नवी घ्या, पहिल्यांना रस्ता पाठ झालेला असतो. पहिल्या ढिगातली अडचण पुन्हा दिसली तर दुरुस्ती चुकली, आणि तिसरी फेरी लागेल असं धरूनच तारखा आखा. सगळं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायचं. काढणी लागली की फोन उचलायलाही कुणी मोकळं नसतं.